जीसीसी सोर्स कोडपासून बांधताना: एका जुन्या, कडक आणि विश्वासू व्यवस्थेचे परीक्षण

लिनक्सवर सी किंवा सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांना जीसीसी हा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्रभाषेत उतरवणारा प्रोग्राम, तयार स्वरूपात मिळतो आणि तो कोठून आला याचा विचार करण्याची त्यांच्यावर कधी वेळ येत नाही. ती वेळ येते ती यंत्रावरची प्रणाली जुनी आणि हातातला प्रकल्प नवा असतो तेव्हा. उबुंटू २२.०४ सोबत जीसीसी ११ येतो आणि डेबियन १२ सोबत जीसीसी १२ येतो, तर सेंटओएस ७ सोबत आलेला कंपायलर ४.८.५ आहे. ४.८ ही मालिका २०१३ सालची. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, तरी महाविद्यालयांतल्या आणि संशोधनसंस्थांमधल्या सामायिक यंत्रांवर अशा जुन्या प्रणाली पुढेही वर्षानुवर्षे चालू राहतात, आणि त्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याकडे प्रशासकाचा पासवर्ड नसतो. अशा माणसाला सी प्लस प्लस २० मध्ये लिहिलेला प्रकल्प चालवायचा असेल, तर स्वतःच्या होम डिरेक्टरीत जीसीसी त्याच्या सोर्स कोडपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून, बांधून घेणे हा एक खात्रीचा मार्ग आहे. हे परीक्षण त्या मार्गाचे आहे. जीसीसी १४.२ ही आवृत्ती ६४-बिट लिनक्सवर, प्रशासकाचे अधिकार न वापरता, सोर्स कोडपासून बांधून वापरात आणताना काय चांगले अनुभवास येते आणि कोठे अडते, ते येथे मांडले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ही व्यवस्था संथ आहे, तिची दारे जुन्या पद्धतीची आहेत आणि नवख्या माणसाला ती पहिल्या तासातच दोन-तीनदा परत पाठवते. परंतु आपण तयार केलेला कंपायलर विश्वासार्ह आहे की नाही हे ती ज्या काटेकोरपणे तपासते, तेवढी तपासणी प्रोग्रामिंगची दुसरी साधने बांधताना मला आढळलेली नाही.

या कडकपणाला इतिहास आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ साली प्रसिद्ध केला तेव्हा तो केवळ सी भाषेचा कंपायलर होता. १९९७ मध्ये त्यातून ईजीसीएस नावाची वेगळी शाखा फुटली, १९९९ मध्ये तीच अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारली गेली आणि त्याच सुमारास नावातल्या ‘सीसी’ या अक्षरांचा विस्तार ‘सी कंपायलर’ ऐवजी ‘कंपायलर कलेक्शन’ असा झाला. आज त्यात फोर्ट्रान, एडा, डी, गो अशा भाषांचेही कंपायलर आहेत. एवढ्या काळात असंख्य प्रकारच्या यंत्रांवर आणि युनिक्सच्या असंख्य रूपांवर ज्याला उभे राहावे लागले, त्याची बांधणी ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेली, यंत्र तपासून बांधणीची आखणी करणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट आणि ती आखणी अमलात आणणारे ‘मेक’ या जुन्या जोडीवरच चालते, हे समजण्यासारखे आहे.

सुरुवात सोर्स कोड उतरवून घेण्यापासून होते. १४.२ ची दाबलेली (कॉम्प्रेस्ड) फाइल शंभर एमबीच्या आत आहे, आणि तिच्यासोबत सहीची एक छोटी वेगळी फाइल ठेवलेली असते. ही डिजिटल सही जीपीजी या साधनाने तपासून पाहणे पुष्कळ जण टाळतात. ते टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने, लॉगिन होताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, आणि त्याचा माग काढताना एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की बांधणीच्या वेळी तो चोरदरवाजा जागा करणारा तुकडा सोर्स कोड सर्वांना जेथे दिसतो त्या सार्वजनिक गिट भांडारात नव्हता. तो फक्त वितरणासाठी तयार केलेल्या दाबलेल्या फाइलमध्ये होता. त्यामुळे सोर्स कोड उघड आहे एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. सही तपासल्याने फाइल वाटेत बदललेली नाही एवढेच कळते आणि एक्सझेडच्या प्रकरणात, जिथे प्रकल्पाची जबाबदारी मिळवलेल्या व्यक्तीकडूनच दगा झाला होता, तेवढ्याने भागले नसते हे खरे. तरीही जी तपासणी अर्ध्या मिनिटात होते ती न करण्याला कारण नाही.

पुढची पायरी पूर्वअटींची. जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही अंकगणिताची तीन ग्रंथालये (लायब्ररी) लागतात. त्यांतल्या एमपीएफआरला जीएमपी लागते आणि एमपीसीला त्या दोन्ही लागतात. पूर्वी लोक ही तिन्ही एकामागून एक स्वतंत्रपणे बांधत, प्रत्येकाचा मार्ग कॉन्फिगरला कळवत आणि त्या मार्गांच्या गुंत्यात संध्याकाळ घालवत. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या सूचनांमध्ये आजही तीच पद्धत दिलेली दिसते. तिची आता गरज नाही. सोर्सच्या ‘कॉन्ट्रिब’ डिरेक्टरीत ‘डाउनलोड प्रीरिक्विझिट्स’ नावाची स्क्रिप्ट आहे; ती सोर्सच्या मुख्य डिरेक्टरीत उभे राहून चालवली की योग्य आवृत्त्या उतरवते, त्यांचे चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारे आकडे) जुळवते आणि त्या सोर्सच्या झाडातच अशा जोडते की पुढे त्या जीसीसीसोबत आपोआप बांधल्या जातात. या व्यवस्थेतला सर्वांत चांगला सोयीचा भाग निवडायचा तर मी हीच स्क्रिप्ट निवडेन.

यानंतर कॉन्फिगर, आणि येथेच बहुतेकांचा उत्साह मावळतो. पहिला नियम असा की कॉन्फिगर सोर्सच्या डिरेक्टरीत चालवायचे नसते. शेजारी एक रिकामी डिरेक्टरी करायची, तिच्यात जायचे आणि तेथून सोर्समधल्या कॉन्फिगरला हाक मारायची. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे, पण इतर शेकडो प्रकल्पांमध्ये सोर्सच्याच डिरेक्टरीत कॉन्फिगर चालवण्याची सवय लागलेली असल्यामुळे माणूस ते वाचूनही विसरतो. दुसरे म्हणजे ‘प्रीफिक्स’ हा पर्याय, म्हणजे कंपायलर कोणत्या डिरेक्टरीत बसवायचा ते सांगणे. तो दिला नाही तर कंपायलर ‘यूएसआर लोकल’ मध्ये जाऊ पाहतो, आणि प्रशासकाचा अधिकार नसलेल्याला हे सगळी बांधणी संपल्यावर, अगदी शेवटच्या आज्ञेला कळते. तिसरे म्हणजे मल्टिलिब. ६४-बिट यंत्रावर जीसीसी गृहीत धरतो की आपल्याला ३२-बिट प्रोग्रामही बनवायचे आहेत. ३२-बिटची हेडर्स (ग्रंथालयात काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या फाइली) आणि ग्रंथालये नसली तर तो थांबतो आणि ‘डिसेबल मल्टिलिब’ हा पर्याय वापरावा असे सुचवतो. सूचना अचूक आणि उपयोगी आहे. मात्र ज्यांना ३२-बिट प्रोग्राम बनवायचे असतात असे लोक आज किती थोडे आहेत हे पाहता हे गृहीतक उलटे करण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे, असे मला वाटते.

चौथी अडचण अधिक चकवणारी आहे. ‘लायब्ररी पाथ’ या पर्यावरणचलात, म्हणजे ग्रंथालये कोठे शोधायची याच्या शेलमधल्या यादीत, चालू डिरेक्टरीचा समावेश असू नये अशी तक्रार करून कॉन्फिगर कधी कधी बंद पडते, आणि आपण ते चल पाहावे तर त्यात चालू डिरेक्टरी कोठेच लिहिलेली नसते. कारण असते शेवटी राहिलेला एखादा अपूर्णविराम. त्या चिन्हानंतर काहीच नसले तर त्याचा अर्थ ‘चालू डिरेक्टरी’ असा घेतला जातो, आणि शेलच्या प्रारंभफाइलीत जुन्या मूल्याला नवे मूल्य जोडण्याची जी ओळ सर्रास लिहिली जाते तिच्यातून असे एकटे चिन्ह सहज शिल्लक राहते. तक्रार योग्य आहे. पण हे कारण तिच्यातच एका वाक्यात सांगितले असते तर अनेकांचे श्रम वाचले असते.

भाषांची निवड येथेच करायची असते. केवळ सी आणि सी प्लस प्लस हवे असतील तर तेवढेच सांगावे. फोर्ट्रान लागतो तो मुख्यतः वैज्ञानिक गणिते करणाऱ्यांना. एडा हवा असेल तर यंत्रावर आधीपासून एडाचा कंपायलर असावा लागतो, आणि जीसीसी १२ पासून डी भाषेलाही तोच नियम लागू झाला आहे.

आता ‘मेक’ ही आज्ञा. ती दिल्यावर जे घडते त्यासाठी मी ही सगळी यातायात मोलाची मानतो. जीसीसी हा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला कंपायलर आहे, म्हणजे त्याला बांधण्यासाठी आधी एक कंपायलर हवाच. दही लावायला जसे आधीचे विरजण लागते तसे. पण विरजण कसे आहे याची खात्री काय? जीसीसी येथे तीन टप्पे घेतो; या पद्धतीला बूटस्ट्रॅप म्हणतात. पहिल्या टप्प्यात यंत्रावरचा जुना कंपायलर नव्या जीसीसीचा सोर्स कोड कंपाइल करतो. या टप्प्यात तयार झालेला नवा कंपायलर दुसऱ्या टप्प्यात तोच सोर्स कोड पुन्हा कंपाइल करतो. दुसऱ्यातून निघालेला कंपायलर तिसऱ्या टप्प्यात तेच काम तिसऱ्यांदा करतो. पहिल्या टप्प्याचा कंपायलर जुन्याच्या हातचा असल्यामुळे त्याची यंत्रभाषा वेगळी असणार, परंतु त्याचे वागणे नव्या सोर्सनुसारच असायला हवे. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे कंपाइल होऊन निघालेल्या यंत्रभाषेच्या फाइली, एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. जीसीसी त्या खरोखर जुळवून पाहतो, आणि फरक दिसला तर ‘बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर’ असे सांगून बांधणी अपयशी ठरवतो. जुन्या कंपायलरने पहिल्या टप्प्यात चुकीची यंत्रभाषा काढली असेल, किंवा यंत्राची मेमरीच सदोष असेल, तर ते या ठिकाणी उघड होण्याची शक्यता मोठी असते.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, असा कंपायलर वर्णन केला आहे की जो स्वतःचाच सोर्स कोड ओळखतो आणि सोर्समध्ये कोठेही न दिसणारा चोरदरवाजा पुढच्या कंपायलरमध्ये पुन्हा पेरतो. अशा कंपायलरपासून सुरुवात केली तर दुसरा आणि तिसरा टप्पा एकमेकांशी जुळतीलच, कारण दोहोंत दोष सारखाच उतरलेला असेल. तेव्हा तीन टप्प्यांची बांधणी चुकांविरुद्ध मजबूत संरक्षण देते. हेतुपुरस्सर केलेल्या दगाबाजीविरुद्ध ती पुरेशी नाही. हा भेद लक्षात ठेवूनही मी ‘डिसेबल बूटस्ट्रॅप’ हा पर्याय घेण्याविरुद्ध सल्ला देईन. त्याने वेळ पुष्कळ वाचतो हे निर्विवाद आहे, आणि जीसीसीच्या अंतर्भागात दुरुस्त्या करून दिवसातून अनेकदा बांधणाऱ्याला तो हवाच. परंतु ज्या कंपायलरवर पुढची दोन-तीन वर्षे आपली गणिते चालणार आहेत, तो एकदाच आणि पूर्ण बांधावा.

वेळेचा प्रश्न यंत्रावर अवलंबून आहे. साध्या लॅपटॉपवर तो तासांत मोजावा लागतो, आणि अनेक गाभ्यांच्या (कोअरच्या) सर्व्हरवर ‘जे’ या पर्यायाने कामे समांतर चालवली तर मिनिटांवर येतो. मात्र ‘जे’ चा आकडा गाभ्यांच्या संख्येवरून ठरवताना मेमरीही पाहावी. मेमरी अपुरी पडली की लिनक्सचा कर्नल कंपायलरची प्रक्रियाच मारून टाकतो, आणि पडद्यावर मात्र, विशेषतः जुना कंपायलर चालू असेल तर, कंपायलरमध्ये अंतर्गत दोष असल्याचा संदेश दिसतो. त्यात ‘किल्ड’ हा शब्द असेल तर दोष कंपायलरचा नसून मेमरी संपलेली आहे असे समजावे, आकडा निम्मा करावा आणि मेक पुन्हा चालवावे. ते जेथे थांबले होते तेथूनच पुढे जाते. बांधणीच्या डिरेक्टरीसाठी काही जीबी जागा मोकळी हवी, हे होम डिरेक्टरीवर मर्यादा असलेल्या सामायिक यंत्रांवर आधीच पाहून घ्यावे.

बांधणी झाल्यावर ‘मेक चेक’ ही आज्ञा चाचण्यांचा प्रचंड संच चालवते. त्यासाठी डेजाग्नू, टीसीएल आणि एक्सपेक्ट ही साधने लागतात, आणि ती बहुतेक यंत्रांवर नसल्यामुळे हा टप्पा बहुतेक जण सोडून देतात. ज्यांनी चालवला त्यांना काही चाचण्या अनपेक्षितपणे अपयशी झालेल्या दिसतात आणि ते घाबरतात. थोड्या अपयशी चाचण्या चांगल्या बांधणीतही असतात. आपल्यासारख्याच यंत्रावर इतरांना आलेले निकाल प्रकल्पाने सार्वजनिक ठेवलेले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहावे. या तुलनेचे काम एखादे साधे साधन करून देईल तर हा टप्पा कितीतरी अधिक लोक पार पाडतील.

‘मेक इन्स्टॉल’ नंतर सर्वांत जास्त लोक जेथे फसतात ते ठिकाण येते. नवा कंपायलर चालतो, प्रोग्राम तयार होतो, आणि तो चालवला की प्रणाली सांगते की सी प्लस प्लसच्या प्रमाण ग्रंथालयाची अमुक आवृत्ती सापडली नाही. कारण असे की प्रोग्राम नव्या ग्रंथालयाच्या भरवशावर बांधला गेला, पण चालताना प्रणालीने तिच्याजवळचे जुने ग्रंथालय उचलले. नवे ग्रंथालय आपल्या प्रीफिक्सखालच्या ‘लिब६४’ डिरेक्टरीत पडून असते. ‘एलडी लायब्ररी पाथ’ या पर्यावरणचलात ती डिरेक्टरी घालणे हा झटपट उपाय आहे. प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला ‘आरपाथ’ देऊन तो मार्ग प्रोग्राममध्येच कोरून ठेवणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे, कारण त्याचा इतर प्रोग्रामांवर परिणाम होत नाही. या दोन्ही उपायांची सूचना इन्स्टॉल चालू असताना पडद्यावर छापली जाते, पण ती हजारो ओळींच्या प्रवाहात मधेच येऊन वर निघून जाते. एवढी महत्त्वाची सूचना सर्वांत शेवटी, एकदाच आणि ठळकपणे यायला हवी होती.

आणखी एक गोष्ट नव्या कंपायलरकडून अपेक्षा ठेवताना ध्यानात असावी. जीसीसीसोबत नवा असेंब्लर (यंत्रभाषेतले शेवटचे रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि लिंकर येत नाही, ते बाइन्युटिल्स या स्वतंत्र संचातून येतात. आणि ग्लिबसी हे सी भाषेचे मूळ ग्रंथालयही प्रणालीचे जुनेच राहते. त्यामुळे नव्या प्रोसेसरसाठी खास सूचना काढायला सांगितले तर जीसीसी त्या काढतो आणि जुना असेंब्लर मात्र अशी सूचना आपल्याला माहीत नाही म्हणून अडतो. तेव्हा बाइन्युटिल्सही त्याच प्रीफिक्समध्ये, जीसीसीच्या आधी, बांधून घ्यावे. ते काम तुलनेने फार हलके आहे.

या व्यवस्थेचा मला सर्वांत खटकलेला दोष काढून टाकण्याबाबतचा आहे. ‘मेक अनइन्स्टॉल’ अशी आज्ञा दिली तर हे लक्ष्य या झाडात उपलब्ध नाही एवढेच उत्तर मिळते. म्हणून कंपायलरला नेहमी त्याच्या आवृत्तीच्या नावाची स्वतंत्र डिरेक्टरी प्रीफिक्स म्हणून द्यावी, म्हणजे नको झाल्यावर ती एक डिरेक्टरी पुसली की काम झाले. ज्यांच्याकडे प्रशासकाचे अधिकार आहेत त्यांनी हे अधिक काटेकोरपणे पाळावे, कारण ‘यूएसआर लोकल’ मध्ये एकदा मिसळलेल्या फाइली नंतर वेचून काढणे अत्यंत कष्टाचे आहे.

इतर साधनांशी तुलना केली तर चित्र स्पष्ट होते. क्लँग हा दुसरा कंपायलर आणि त्याचा पाया असलेले एलएलव्हीएम यांची बांधणी सीमेक आणि निंजा या बांधणीच्या साधनांवर चालते, तिचे संदेश वाचायला सोपे आहेत आणि अर्धवट बांधणी पुढे नेणे सुखाचे आहे. पण लिंक करण्याच्या वेळी ती मेमरीवर तुटून पडते, आणि स्वतःला स्वतःकडून पुन्हा बांधून घेण्याची सोय तेथे मागावी लागते, आपोआप मिळत नाही. पायथन फार लवकर बांधला जातो, पण ओपनएसएसएल किंवा एसक्यूलाइटची हेडर्स नसली तर ते विभाग वगळून तो यशस्वीपणे पूर्ण होतो; शेवटी छापलेली वगळलेल्यांची यादी वाचली नाही तर पायथनची पॅकेजे बसवणारा पिप चालत नाही तेव्हा ते लक्षात येते. जीसीसी तसे करत नाही. त्याला जे हवे ते नसेल तर तो पुढे जात नाही, आणि कंपायलरच्या बाबतीत हीच वृत्ती योग्य आहे.

जीसीसी १५ कडे वळणाऱ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. ४.८ च्या आधीच्या आवृत्त्या सीच्या कंपायलरने बांधता येत. पुढे सी प्लस प्लसचा कंपायलर लागू लागला, अकरापासून सी प्लस प्लस ११ समजणारा, आणि १५ पासून सी प्लस प्लस १४ समजणारा. सेंटओएस ७ वरचा ४.८.५ हा १४.२ ला थेट बांधू शकतो, १५ ला नाही. तेथे मधली पायरी लागते, आणि प्रकल्पाच्या दस्तऐवजातच त्यासाठी ९.५ सुचवलेली आहे. म्हणजे आधी ९.५ बांधायची आणि मग तिच्याकडून १५ बांधून घ्यायची. याशिवाय १५ मध्ये सी भाषेचे ठरलेले प्रमाण सी२३ झाले आहे, आणि १४ पासूनच न जाहीर केलेल्या फंक्शनला हाक मारणे हा नुसता इशारा न राहता चूक ठरली आहे. जुने सी प्रकल्प नव्या कंपायलरने बांधताना या दोन कारणांनी अडतात.

दस्तऐवजांबद्दल थोडे. अधिकृत सूचना पूर्ण आणि प्रामाणिक आहेत, पण पूर्वअटी, कॉन्फिगर, बांधणी, चाचणी अशा वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या आहेत, आणि कॉन्फिगरचे पान इतके लांब आहे की लागणारे चार पर्याय त्यात हरवतात. प्रकल्पाच्या विकीवर एक आटोपशीर पान आहे, त्यापासून सुरुवात करावी. ज्यांना बांधणीच्या पलीकडे, कंपायलरच्या अंतर्भागात डोकावायचे आहे त्यांच्यासाठी मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कार्यशाळांसाठी तयार केलेले पाठ अतिशय मोलाचे आहेत. जीसीसीची रचना आणि बांधणी एकमेकांत कशा गुंतलेल्या आहेत हे त्यांत ज्या क्रमाने समजावले आहे तो क्रम अधिकृत दस्तऐवजांत नाही. आवृत्ती जुनी असली तरी मूळ आराखडा समजण्यासाठी ते पाठ आजही उपयोगी पडतात.

मग हे कोणी करावे? ज्याच्या प्रणालीत पुरेसा नवा कंपायलर पॅकेजमधून मिळतो त्याने पॅकेजच घ्यावे. ज्याला एकाच यंत्रावर अनेक साधनांच्या अनेक आवृत्त्या नांदवायच्या आहेत त्याने स्पॅक या पॅकेज-व्यवस्थापकाकडे पाहावे, कारण तो हीच बांधणी आपल्यासाठी करतो आणि काढूनही टाकतो. जुन्या सामायिक यंत्रावर अधिकारांविना काम करणारा संशोधक, आपल्या निकालांसाठी नेमका कोणता कंपायलर कोणत्या पर्यायांनी बांधला होता हे सांगू शकणे ज्याला आवश्यक आहे असा गणितकर्मी, आणि कंपायलर शिकणारा विद्यार्थी, यांनी मात्र तो स्वतः बांधावा. बांधताना दिलेले सर्व पर्याय जीसीसी स्वतःमध्ये नोंदवून ठेवतो. ‘व्ही’ हा पर्याय देऊन त्याला हाक मारली की ‘कॉन्फिगर्ड विथ’ या शब्दांपुढे ती पूर्ण ओळ मिळते, आणि तीच ओळ प्रबंधाच्या परिशिष्टात जशीच्या तशी देता येते.